पासष्ट टक्के

वऱ्हाडात मोघम बोलायची रीत नाही. पाणी येते म्हणजे येते, नाही म्हणजे नाही येत. पोट्टा एक तर हुशार असतो, नाही तर भैताड असतो. मधली जागा रिकामी. अमरावतीच्या राजकमल चौकात निवडणुकीच्या आधी एखाद्या पानठेल्यावर उभं राहा, ठेलेवाला निकाल मतांच्या फरकासकट सांगतो. निकाल उलटा लागला तर दुसऱ्या दिवशी तो का उलटा लागला हेही त्याच खात्रीनं सांगतो, आणि आपण ते ऐकून, पानाचे पैसे देऊन घरी येतो. अशा मुलखात आमच्या वरच्या खोलीत राहणारा एक मुलगा कुठल्याही प्रश्नाला 'पासष्ट टक्के' असं उत्तर देतो.

त्याला नाव आहे, आणि ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर व्यवस्थित छापलेलं आहे. पण आमच्या राठी नगरात, त्याच्या मेसमध्ये आणि दर्यापूरकडच्या त्याच्या गावात त्याला सगळे 'पासष्ट' म्हणतात. हाच आकडा का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "पन्नास म्हटलं तं लोक म्हणते याले काही येत नाही. ऐंशी म्हटलं अन् चुकलं तं लोक घरी येते. पासष्टात माणूस सुखी राह्यते, काका."

सुरुवातीला माझी बायको त्याला हवामान विचारायची. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या आणि सकाळपासून आभाळ आलेलं. "पाणी येईल का रे?" "पस्तीस टक्के येते, काकू. पासष्ट टक्के टाका." "म्हणजे शंभरातल्या पासष्ट कुरडया गच्चीवर टाकू अन् बाकीच्या घरात?" तिनं हे वैतागून विचारलं होतं. तो मात्र विचारात पडला आणि म्हणाला की जोखीम वाटून घ्यायची ही कल्पना मुळात वाईट नाही, फक्त उरलेल्या पस्तीस कुरडयांच्या चिकाचं काय करायचं ते पाहावं लागेल. तेव्हापासून आमच्या घरी हवामान कामाच्या बाईला विचारतात. ती हो किंवा नाही सांगते. निम्म्या वेळा चुकते, पण तिचा कोणाला राग येत नाही.

राठी नगर, गाडगे नगर, शेगाव नाका हा सगळा पट्टा शिकणाऱ्या पोरांच्या भाड्यावर उभा आहे. एका खोलीत एमपीएससी, दुसरीत बी.एड., तिसरीत पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून धावायला जाणारा आणि जाताना सगळ्यांना उठवून जाणारा. अलीकडे या वस्तीत एक नवी जात आली आहे : गणितात किंवा संख्याशास्त्रात एमएस्सी करता करता डेटा सायन्सकडे सरकलेला मुलगा. खोलीत गादी जमिनीवर असते आणि लॅपटॉप टेबलावर. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो, त्याखाली पांढऱ्या फळ्यावर ग्रीक अक्षरं, त्याखाली मेसवाल्याचा हिशेब. 'चहा घेतो का' या प्रश्नालाही तो क्षणभर थांबतो. आमचा पासष्ट हा या जातीचा अस्सल नमुना, म्हणून त्याच्याविषयी लिहितो आहे. बाकीचे पाच-पंचवीस थोड्याफार फरकानं असेच.

त्याचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणली की खारं पाणी लागतं, म्हणून ओलीत नाही. कापूस, तूर, सोयाबीन आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा. दहावीला बरे गुण पडले आणि बापानं त्याला अकोल्याला नेऊन टाकलं. अकोला हे आता वऱ्हाडातलं शिकवण्यांचं मोठं पीठ आहे. डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी चारी जिल्ह्यांची पोरं तिथे येतात, आणि निकालानंतर चौकाचौकांत फ्लेक्स लागतात : पासपोर्ट फोटो, खाली गुण, खाली रँक. याचा फोटो लागला नाही. पण त्या फ्लेक्सखाली उभं राहून त्याला आयुष्यातला पहिला संख्याशास्त्रीय विचार सुचला. "काका, वर वीस फोटो होते. शिकवणीत बसलेले किती होते, थे कोणीच लिहिलं नव्हतं. अंश दाखवते अन् छेद झाकते." मला विचाराल तर त्या शिकवणीत भरलेली सगळी फी या एका वाक्यात वसूल झाली. बापाचं मत वेगळं आहे.

मग अमरावतीला बीएस्सी आणि पुढे विद्यापीठात एमएस्सी, गणित. १ मे १९८३ ला हे विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं. पुढे त्याला गाडगेबाबांचं नाव मिळालं. शाळेत न गेलेल्या आणि हजारो माणसांना प्रश्न विचारून विचारून शहाणं करणाऱ्या त्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात आमचा पासष्ट रुडिनचं विश्लेषणाचं पुस्तक आणि मंक्रेसची टोपोलॉजी काखोटीला मारून जाऊ लागला. या दोन वर्षांत त्याला आकडा म्हणून भेटला नाही. एप्सिलॉन होता, डेल्टा होता, 'दिलेल्या प्रत्येकासाठी असा एक असतोच की' हे होतं, पण आकडा नव्हता. गावी गेल्यावर बापानं वही उघडून पानं उलटली आणि विचारलं, "यात गणित कोठी आहे?" पोरानं समजावलं. बाप बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे हे हाय हे सिद्ध केलं. पण किती हाय हे नाही काढलं." एमएस्सी गणिताची एवढी नेमकी व्याख्या मी कुठल्या माहितीपुस्तिकेत वाचलेली नाही.

टोपोलॉजीचा अंमल काही महिने फार होता. आकार ताणता येतो, दाबता येतो, फक्त फाडायचा नाही आणि चिकटवायचा नाही, मग कुठल्या दोन वस्तू एकच ठरतात, हा त्या विषयाचा एक प्रश्न. मेदूवड्याला एक भोक, कपाला कानामुळे एक भोक. म्हणून वडा आणि कप एकच. हे त्यानं कँटीनमध्ये मोठ्यानं सांगितलं. कँटीनवाल्यानं शांतपणे त्याच्यापुढे वडा ठेवला आणि म्हणाला, "घे. यात चहा पी."

एमएस्सी झाल्यावर काय, हा प्रश्न वऱ्हाडात विषयाप्रमाणे बदलत नाही. बी.एड. करायचं, सेट-नेटच्या नादी लागायचं, किंवा सीएचबीवर लागायचं, म्हणजे घड्याळी तासाचा प्राध्यापक व्हायचं. तासाला पैसे मिळतात, आणि कॉलेजात सुट्टी असली की घरी चूल नरम असते. हे सगळं डोळ्यांसमोर असताना पुण्याला हिंजवडीत असलेल्या मावसभावानं फोनवर आपलं पॅकेज सांगितलं. त्या रात्री आमच्या पासष्टानं पायथन शिकायला घेतलं. त्याच्या विभागातल्या सरांना हे फारसं रुचलं नाही. त्यांच्या मते ज्याची सिद्धता नाही ते चालतं कसं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पासष्टाच्या मते ते चालतंय, तर आधी चालू द्यावं. दिवसा तो सरांचं ऐकतो, रात्री स्वतःचं. सकाळी प्रमेयातल्या एका स्वल्पविरामावरून भांडणारा हा मुलगा रात्री मॉडेलचे खटके खालीवर करत बसतो, आणि उत्तर का सुधारलं हे न विचारता झोपी जातो.

डेटा सायन्सच्या अभ्यासाला डेटा लागतो, आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांप्रमाणे राठी नगरातही तो टायटॅनिकपासून सुरू होतो. सरावासाठीच्या त्या यादीत ८९१ प्रवासी आहेत : वय, तिकिटाचा दर्जा, भाडं, बरोबर बायकापोरं किती, आणि वाचला की बुडाला. आमच्या गल्लीतल्या किमान चार खोल्यांमध्ये या ८९१ जणांची चौकशी रोज रात्री होते. पहिल्या वर्गातली बाई असेल तर वाचण्याची आशा मोठी. तिसऱ्या वर्गातला पुरुष असेल तर रामराम. त्यानंतर आयरिसची फुलं : १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञानं आपल्या लेखात वापरलेली दीडशे फुलांची मापं, तीन जाती. पासष्टानं ते फूल जन्मात पाहिलेलं नाही, पण पाकळीची लांबी-रुंदी सांगा, तो जात सांगतो. मग बॉस्टनची घरं, ५०६ ओळी. बॉस्टनमध्ये नदीकाठच्या घराला भाव किती चढतो हे त्याला तोंडपाठ आहे. आमच्या खोलीचं भाडं वाढवायचा विषय मी काढला की मात्र डेटा अपुरा असतो.

बाप एकदा मुक्कामाला आला असताना त्यानं पडद्यावर ती टायटॅनिकची यादी पाहिली. "हे जहाज कधी बुडलं?" "१९१२." "म्हंजे शंभराच्या वर वर्षं झाली. कोण मेलं, कोण वाचलं, समद्यायले माहीत आहे. मंग तू आता काय काढून राह्यला?" पासष्ट म्हणाला, "कोण वाचन थे ओळखून राह्यलो." बाप माझ्याकडे वळून म्हणाला, "हे याले पोलिसात घ्याले पायजे. घटना झाल्यावर ओळखते."

आता या मुलाची एक गोष्ट मला मनापासून आवडते ती सांगून टाकतो. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, आणि किती माहीत नाही, हे तो आकड्यात सांगतो. आमच्या पिढीला जे माहीत नव्हतं ते आम्ही आवाज चढवून सांगितलं. फक्त एका विषयात त्याची टक्केवारी गायब होते, तो विषय म्हणजे वऱ्हाड. विदर्भात पयोष्णीकाठी दधिग्राम नावाचं गाव होतं. तिथलं एक ज्योतिषी-गणिती घराणं काशीला गेलं, आणि त्यातल्या कृष्ण दैवज्ञानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. जहांगीर बादशहाचा त्याला आश्रय होता. "पयोष्णी म्हंजे आपली पूर्णा," पासष्ट म्हणतो. किती टक्के? "शंभर."

अकोल्याचं तर त्याच्याकडे आणखी भक्कम प्रकरण आहे. पीक किती येईल हे पूर्वी नजरेनं ठरायचं : सोळा आण्यांत पीक किती आणे, म्हणून आणेवारी. तिची आता पैसेवारी झाली आहे, आणि ती पन्नास पैशांच्या खाली की वर यावर अजून गावोगाव श्वास अडकलेले असतात. नजरेच्या जागी वजनकाटा आणायचा तर सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत. मग चिठ्ठी टाकल्यासारखी काही शेतं निवडायची, त्यांतला मोजका तुकडा कापायचा, तोलायचा आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. कापसासाठी हे काम चाळीसच्या दशकात वि. गो. पानसे यांनी अकोला जिल्ह्यात केलं. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी पुढे शेतीतल्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी विद्यापीठांतल्या पिढ्या त्यावर वाढल्या. "काका, लोक बंगलोरले जाते डेटा शिकाले. डेटा आपल्या पऱ्हाटीत होता!" हे सांगताना तो उभा राहतो.

याच अभिमानापायी तो गावात मार खाता खाता वाचला. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता, वावरंच्या वावरं पिवळी. पीक विम्याचं गणित असं की महसूल मंडळात कापणी प्रयोगातून आलेलं उत्पन्न उंबरठ्याच्या खाली गेलं तरच पैसे. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तीही जोखीमस्तराच्या प्रमाणात. गावात प्रयोगासाठी नंबर निघाला तो नेमका शेततळं असलेल्या, अख्ख्या शिवारात हिरव्या राहिलेल्या एकुलत्या एक वावराचा. चावडीवर गाव जमलं. कोणी काढला हा नंबर? पासष्ट सुट्टीवर आलेला. त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "कोणी नाही काढला. रँडम आहे."

"कोण रँडम? कोणत्या पार्टीचा आहे?"

त्यानं समजावलं. कोणी निवडत नाही, म्हणून तर हा अंदाज निष्पक्ष आहे. मंडळात असे बरेच प्रयोग असतात, एका वावरानं काही बिघडत नाही. आणि समजा बिघडलंच, तर हाच प्रयोग हजार वेळा केला तर सरासरी बरोब्बर खऱ्या उत्पन्नावर येते.

"म्हंजे हजार वर्षं विमा भरा लागन?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. पासष्ट 'हो' म्हणायच्या बेतात होता. बापानं त्याला मोटारसायकलवर मागे बसवून थेट दर्यापूरच्या एसटी स्टँडवर नेऊन सोडलं. मुलगा काय शिकतो असं कोणी विचारलं तर बाप आता फक्त 'कॉम्प्युटर' म्हणतो.

पासष्टाच्या आजोबांचा विश्वास भेंडवळवर. बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात : गोलाकार अठरा धान्यं, मध्ये चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, करंजी. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे कोणता दाणा कुठे सरकला, कोणतं ढेकूळ किती भिजलं हे पाहून वर्षाचं पीकपाणी सांगतात. पासष्टाला यात काही गैर वाटलं नाही. अठरा धान्यं म्हणजे अठरा स्तंभ. त्यानं फक्त एवढंच विचारलं की मागच्या वर्षांचे अंदाज आणि झालेला पाऊस शेजारी शेजारी मांडलेत का. आजोबा म्हणाले, "बरोबर निंघाले थे मले समदे पाठ आहे." "अन् चुकले थे?" "थे कायले पाठ करू?"

पानठेल्यावाल्यानं गणितात एमएस्सी हे ऐकल्यावर वेगळीच अपेक्षा धरली होती. त्यानं मटक्याचा आकडा विचारला. मटक्याचं मूळही कापसाचं : न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडला किती आणि बंद झाला किती, यावर मुंबईत पैसे लागायचे. पिकवणारे आम्ही आणि आकडा तिकडचा. पासष्टानं कागदावर मांडून दाखवलं : जोडीच्या शंभर शक्यता, लागली तर एकाला नव्वद, म्हणजे लावलेल्या शंभरामागे सरासरी दहा रुपये गेलेच. ठेलेवाला बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. "म्हंजे नव्वद वापस येते?" "सरासरी." "सोयाबीनमंधी तेवढेही नाही येत बावा," तो म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आता लग्नाचं. मायनं दहा स्थळं जमवली आणि पोराला बोलावून घेतलं. पोरानं सांगितलं, पहिल्या तीन मुलींना काहीही झालं तरी नाही म्हणायचं. मग चौथीपासून जी आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस वाटेल तिथे थांबायचं. हा त्याचा तऱ्हेवाईकपणा नाही, खरंच असा सिद्धांत आहे. मार्टिन गार्डनरनं १९६० साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात तो प्रश्न मांडला तेव्हापासून गणितवाले त्यात रमलेत. एकेक जण समोर येणार, नाकारलेला परत येणार नाही, तर सर्वोत्तम निवडायची आशा सर्वांत जास्त कशी? साधारण सदतीस टक्के सोडून द्यायचे आणि मग पहिला सरस घ्यायचा. दहा असतील तर तीन सोडायचे. दहातून साधारण चारदा सर्वोत्तम हाती लागतो. "अन् साहादा?" मायनं विचारलं. त्यानं विषय बदलून केप्लरचं उदाहरण दिलं. पहिली बायको वारल्यावर त्या ज्योतिर्विदानं अकरा मुली पाहिल्या आणि पाचवीशी १६१३ साली लग्न केलं. माय म्हणाली, "कोणता केप्लर? आपल्यातला आहे का?"

पहिल्या तिन्ही घरचे चहा-पोहे खाऊन झाले. नकार आधीच ठरलेला असल्यामुळे पासष्ट तिथे अतिशय मोकळेपणानं आणि गोड बोलला, आणि तिन्ही घरांनी होकार कळवला. मायनं हे तीन नकार कसे कळवले ते तिचं तिला ठाऊक. एका घरी तिनं पत्रिकेचं कारण सांगितलं, एका घरी पोराला परदेशी पाठवलं.

चौथं स्थळ अकोल्याचं. मुलगी संख्याशास्त्रात एमएस्सी, शिकवणी वर्गात शिकवणारी. माझी गाडी, म्हणून मीही बरोबर. अमरावती-अकोला महामार्गावर लागल्यावर मी पाहुण्याला सांगावं तसं त्याच्या बापाला सांगितलं की याच रस्त्यानं जून २०२२ मध्ये गिनेसचा विक्रम केला : १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण, आधीचा विक्रम कतारचा. बाप खूश झाला. मागून आवाज आला, "एका लेनचे पंच्याहत्तर. दोन लेन धरले तं साडेसदतीस." पुढे मूर्तिजापूरपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मे महिना. अकोल्याला त्या दिवशी पारा किती होता ते सांगत नाही, पासष्टानं लिहून ठेवलाय. कूलर घरघरत होता, पोहे झाले, चिवडा झाला, मुलीचे मामा सोयाबीनच्या भावावर बोलले. मग दोघांना बोलायला मागच्या गॅलरीत पाठवलं. मी कूलरला पाणी कुठून घालतात ते पाहायच्या निमित्तानं खिडकीपाशी उभा होतो.

"तुम्ही कितवी मुलगी पाहून राह्यले?" तिनं विचारलं.

"चौथी."

"एकूण दहा?"

तो चमकला. "हो. तुम्हाले कसं..."

"तीन नाकारल्या असतील, चौथ्या वेळी चेहरा असाच दिसते." मग तिनं सरळ सांगितलं, "तुम्ही माझ्याकडचे तिसरे. मीही दहाच ठेवले."

बराच वेळ फक्त कूलर चालू होता. त्याच्या नियमानं तो थांबू शकत होता, तिच्या नियमानं ती थांबू शकत नव्हती. त्यानं विचारलं की दोनच्या पुढे लगेच निवड केली तर आशा किती कमी होते. तिनं तोंडी सांगितलं. त्यानं मनात ताडून पाहिलं आणि मान हलवली. त्या क्षणी त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे सुख मी पाहिलं ते सेटचा निकाल लागला तेव्हाही नव्हतं.

परत येताना माय म्हणाली, "काय म्हणते पोरगी?"

"नाही म्हणाली."

"काऊन?"

"एकदम बरोबर नाही म्हणाली, आई. मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं." बापानं खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहत बसला.

पण माय दर्यापूरची. तिनं दुसऱ्या दिवशी एकटीनं अकोला गाठलं आणि मुलीच्या आईपुढे बसली. दोघींनी दुपारभर काय केलं ते नंतर कळलं. मुलीच्या यादीत उरलेल्या सातही घरांना फोन गेले : आमचं जमलं, तुमच्याही लेकराचं भलं होवो. मग माय संध्याकाळी पोराला फोनवर म्हणाली, "आता तिच्याकडे दहा नाही, तीनच आहे. तू तिसरा. पाय तुझ्या पुस्तकात काय लिहिलं हाय." पासष्टानं पुस्तक न उघडता सांगितलं की यादी संपली की शेवटचा घ्यावाच लागतो, पर्याय नसतो. मायनं फोन ठेवला.

मुलीला हे मान्य नाही. सुरुवातीला दहा धरले आणि मध्येच तीन केले तर गृहीतकच मोडलं, असं तिचं म्हणणं आहे, आणि पासष्टाला ते शंभर टक्के पटतं. एकूण किती येणार हेच ठाऊक नसेल तर नियम काय, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. त्यावर ते दोघं रोज रात्री फोनवर बोलतात. दहाला सुरू होतं. दीडच्या सुमाराला वरून हसण्याचा आवाज येतो, तेव्हा बायको म्हणते, एक केस सुटली वाटतं.

परवा त्याची माय आमच्याकडे पत्रिका घेऊन आली. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त, अकोल्याचा हॉल. साक्षगंध त्याच दिवशी सकाळी उरकायचं, म्हणजे कोणाला विचार करायला वेळ नको. वरून पोराचा फोनवरचा आवाज येत होता, काहीतरी 'अनिश्चित एन' चाललं होतं. बायकोनं हळूच विचारलं, "त्यायचं नक्की ठरलं ना?"

"चालू आहे वरतं त्यायचं," ती म्हणाली आणि पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "तुमच्याकडचे किती येते? हॉलवाल्याले आकडा द्या लागते."

मी म्हटलं, चार. तिनं वहीत सहा लिहिले आणि शेजारच्या घरी गेली.